पन्नास कलमांमधले जंगल

विकसनशील देशांच्या कर्जावरील एका अहवालाची आकडेवारी लावण्याचे काम माझ्याकडे होते. वनहानीच्या प्रकरणासाठी मी एक आलेख केला होता. निर्यातीच्या उत्पन्नातील किती हिस्सा कर्जफेडीत जातो ते आडव्या अक्षावर आणि दरवर्षी घटणारे वनक्षेत्र उभ्या अक्षावर होते. रेषा छान चढती आली होती. मसुदा पाठवायच्या दिवशी सकाळी संपादिकाबाईंनी विस्तीर्ण जंगलांच्या दोन देशांवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाल्या, “हे दोन वगळून पाहा.” वगळल्यावर रेषा जवळजवळ आडवी झाली. “कर्जामुळे झाड पडते, असे तुम्ही लिहिले आहे. ते कसे पडते, तेवढे मला दाखवा.”

वगळलेल्यांपैकी एक इंडोनेशिया होता, म्हणून मी त्या देशाने जानेवारी १९९८ मध्ये कर्जाच्या बदल्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला दिलेल्या सुधारणा कार्यक्रमाचा मजकूर उघडला. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे: इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो वाकून सही करत आहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल कामडेस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत. मजकूर मात्र मीही तोवर वाचला नव्हता. बँका, अंदाजपत्रक, लवंगेची मक्तेदारी अशा पन्नास कलमांच्या गर्दीत लाकडाच्या ओंडक्यांवरील निर्यातकर कमाल ३० टक्क्यांवर आणण्याचे आणि पामच्या मळ्यांतील परकीय गुंतवणुकीवरची बंधने उठवण्याचे आश्वासन होते. तोवर हा कर इतका जबर होता की ओंडका देशाबाहेर नेणे परवडतच नसे.

मग मी विनिमय दराचा स्तंभ शेजारी आणून ठेवला आणि सकाळचा प्रश्न तिथेच बराचसा सुटला. १९९७ च्या मध्यावर एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत. जानेवारीत हा दर काही दिवस १०,००० च्याही पलीकडे गेला. ओंडक्याची किंमत डॉलरमध्ये मिळते, तर करवत चालवणाऱ्याची मजुरी रुपियात चुकती होते. झाड तेच होते, पण ते तोडण्यातला नफा काही महिन्यांत कितीतरी पटींनी वाढला होता. माझ्या आलेखात या गोष्टीला जागाच नव्हती.

निर्यातकर उतरवण्यामागचा निधीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, हेही नोंदवायला हवे. ओंडके देशातच अडकल्यामुळे प्लायवुडच्या कारखान्यांना लाकूड स्वस्त मिळे आणि त्यांनी त्याची मनसोक्त नासाडी केली होती. त्याच कागदात वनशुल्क वाढवण्याचे आणि जंगलजमीन इतर वापरासाठी देण्याचे प्रमाण पर्यावरणाला झेपेल इतके खाली आणण्याचे वचनही आहे. पण कर एका आदेशाने कमी करता येतो, तर जंगल राखायला माणसे, वाहने आणि पगार लागतात, आणि काटकसरीच्या वर्षात नेमके तेच मिळत नाहीत. मे महिन्यात सुहार्तो पायउतार झाले, रखवाली विस्कटली, अवैध तोड फोफावली आणि २००१ मध्ये सरकारला ओंडक्यांच्या निर्यातीवर पुन्हा बंदी घालावी लागली.

दुपारनंतर कॅमेरूनही तपासला. जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या चलनाचे, म्हणजे सीएफए फ्रँकचे, मूल्य फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत एका फटक्यात निम्मे करण्यात आले होते आणि तिथल्या लाकडाच्या व्यापाराचे गणितही असेच रातोरात पालटले होते.

संध्याकाळी आलेख काढून त्या जागी मी इंडोनेशियाचे दीड पान घातले. बाईंनी ते वाचले, एक विशेषण खोडले आणि मसुदा पुढे पाठवला. अनुक्रमणिका मात्र आदल्या आठवड्यातच छपाईला गेली होती, त्यामुळे अहवालात त्या प्रकरणाचे नाव आजही ‘कर्ज आणि वनहानी: थेट संबंध’ असेच आहे.