ग्लँडचा नट आवळण्याआधी

जुन्या व्हॉल्व्हमधला गॅस बहुतेक वेळा बॉडीतून नाही, स्टेमभोवतीच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याभोवतीच्या) ग्लँडमधून, म्हणजे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून निसटतो. मग कुणीतरी पाना घेऊन नट आवळतो. गळती थांबते आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू होते.

गळती अडवायला स्टेमभोवती रिंगांच्या रूपात भरलेलं ग्रॅफाइटचं पॅकिंग साधारण २५ ते ३० टक्केच दबतं. त्यापुढे आवळलं तर स्टेम जखडतो, ऑपरेटर हँडव्हीलला पाइप लावून जोर करतो आणि स्टेम वाकतो. म्हणून आधी ग्लँड फॉलोअर (नट आवळला की पॅकिंगवर दाबणारा तुकडा) किती खाली गेलाय ते पाहा. तो तळाला टेकला असेल तर कितीही आवळा, दाब पॅकिंगवर येतच नाही. एका बाजूला तिरका बसला असेल तर तो स्टेमला घासतोय.

पॅकिंग बदलताना लाइन बंद करून प्रेशर शून्य झालंय याची ब्लीड (दाब सोडायची छोटी तोटी) उघडून खात्री करून घ्या, आणि लाइन कुणी चुकून चालू करू नये म्हणून कुलूप लावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बॅकसीटच्या (पूर्ण उघडल्यावर स्टेम जिथे टेकून पॅकिंगकडची वाट बंद करतो त्या जागेच्या) भरवशावर चालू लाइनवर पॅकिंग काढायचा मोह टाळाच. जुन्या व्हॉल्व्हची बॅकसीट धरेल याची हमी नसते. तळातली कडक झालेली रिंग बऱ्याचदा आतच राहते, तीही काढा. स्टेमवरून नख फिरवा. ओरखड्यात अडकलं तर नवं पॅकिंगही टिकणार नाही.

रिंगा ४५ अंशात कापायच्या, सांधे एकमेकांपासून ९० अंशांवर ठेवायचे आणि प्रत्येक रिंग वेगळी दाबून बसवायची. सहसा पाच पुरतात. जास्त भरल्या तर वरच्याच दाब खातात, खालच्या सैल राहतात. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, स्टेम चार-पाच वेळा वरखाली करा, पुन्हा आवळा. लाइन गरम झाल्यावर आणखी एकदा तपासा.

गळती शोधायला साबणाचं पाणी स्वस्त आणि चांगलं; पण तापलेल्या बॉनेटवर (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणावर) ते उडून जातं, तिथे गॅस डिटेक्टरच हवा. नाकावर तर विसंबूच नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की वासच कळेनासा होतो.

सीट पास होत असेल, म्हणजे बंद व्हॉल्व्हमधूनही आतून गॅस पुढे जात असेल, तर पॅकिंगचा काही उपयोग नाही. व्हेंट आणि ड्रेनच्या उघड्या टोकांना प्लग किंवा ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) लावा आणि पुढच्या शटडाउनमध्ये तो व्हॉल्व्ह उतरवून सीट लॅप करा, म्हणजे घासून सपाट करा.