जनरल रजिस्टर नंबर एक

पहाटे साडेपाचला शिपाईमामांचा फोन आला. "बाई, ऑफिस जळालं." आणखी काही बोलायला त्यांना सुधरलंच नाही. मी पोचले तेव्हा अग्निशमन दलाची गाडी पाइप गुंडाळत होती. रात्रीची वेळ, शाळेत कुणी नव्हतं, कुणाला इजा नाही. वर्गही वाचले होते. ऑफिस आणि शेजारची शिक्षकांची खोली मात्र काळी ठिक्कर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी खासबाग मैदानाकडून ते बघून आले होते. भिजलेल्या राखेचा तोच वास इथं.

एक गोष्ट आधी लिहिते, कारण ती मला अजून सोडत नाही. ऑफिसातला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा विजेचा खटका, आठवडाभर पडत होता. तीन संगणक, झेरॉक्स, इन्व्हर्टर सगळं एकाच जुन्या लाइनवर. "मामा, वर करा," असं दर वेळी म्हणणारी मीच. दहावीच्या दाखल्यांची गर्दी होती, म्हणून वायरमनला बोलवायचं मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. बोर्डामागचा सैल जोड रात्री इन्व्हर्टर चार्जिंगला असताना तापत गेला असावा, असं पंचनाम्याच्या वेळी सांगितलं गेलं.

पण माझा जीव लोखंडी कपाटात अडकला होता. आत जनरल रजिस्टर नंबर एक, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, शाळेच्या पहिल्या वर्षापासूनचे खंड. यंदाच्या मुलांची माहिती 'सरल' या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर आहे, त्यांचं अडणार नव्हतं. जुन्यांचं अडणार होतं. जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांकडून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातींकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. कितीतरी घरांत तो पुरावा म्हणजे आजोबांच्या नावाची आमच्या रजिस्टरातली एक ओळ. बावीस वर्षं मी हे उतारे लिहून देते आहे, त्या ओळीवर काय काय अवलंबून असतं ते मला माहीत आहे.

कपाट पहारीनं उघडलं. कागद जळले नव्हते, कडा करपल्या होत्या आणि पाइपाच्या पाण्यानं सगळे खंड भिजून फुगले होते. मी वरचा खंड उघडायला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "उलगडू नकासा बाई! फाटंल."

चिखलीच्या एक वहिनी. सोबत त्यांचे सासरे, पंच्याहत्तरीचे. नातवाच्या पडताळणीसाठी स्वतःच्या नोंदीचा उतारा मागायला आलेले; आगीचं त्यांना गेटवर कळलं. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरातला कागद न् कागद गेला होता. त्या वेळी काय केलं ते वहिनींनी सांगितलं. उन्हात ठेवायचं नाही, कागद वाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली, खंड उभा करून पानं जरा सैल सोडायची. मधे कोरा कागद घालायचा, रद्दीचा नको, त्याची शाई लागते. ओला झाला की बदलायचा.

शाळेची वीज तोडलेली, बाहेर जूनचा पाऊस. शेजारच्या तालमीच्या पोरांनी त्यांचा हॉल उघडून दिला. "बाई, पंखं हाईत, सतरंज्या हाईत, आणि काय पाहिजे?" दुपारपर्यंत घराघरांतून टेबलफॅन आले. नववीच्या मुली कोरे कागद बदलायला बसल्या. "मी करतो बाई, तुम्ही जेवून या," असं त्यातली एक मला म्हणाली. दिवसभरात पोटात गेलं ते तिनं पुढं केलेला चहा आणि दोन बिस्किटं.

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. १९९० नंतरच्या खंडांत निळी शाई पसरून ढग झाले होते. ज्यांच्याकडं आमचे दाखले आहेत त्यांच्याकडून प्रती मागवून त्या नोंदी पुन्हा जुळवाव्या लागतील, ते काम अजून चालू आहे. पण जुन्या खंडांतली निळी-काळी शाई जागची हलली नव्हती. कोपरे गेलेले, अक्षर जिवंत.

सातच्या सुमारास वहिनींनी स्वतः पट्टी सारून १९५८ चं पान सोडवलं. आजोबांनी चष्मा पुसला आणि ओळ मोठ्यानं वाचली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख. मग म्हणाले, "गुरुजींनी आमच्या आबास्नी दोनदा इचारलं हुतं. बराबर लिवलंय."

शाळेचा शिक्का जळाला होता, म्हणून त्या दिवशी उतारा देता आला नाही. पुढच्या सोमवारी नवा शिक्का आला. त्याचा पहिला ठसा मी त्यांच्या उताऱ्यावर मारला.