दहा युरोंच्या आतली वाइन आणि पिठलं-ठेचा

फ्रँकफर्टच्या सुपरमार्केटात पाच ते दहा युरोंत चांगली वाइन मिळते. ती आपल्या तिखट जेवणाबरोबर जमेल का, हे मात्र घरीच पाहावं लागतं. म्हणून चार बाटल्या आणल्या: फ्रान्समधल्या नांतजवळची पांढरी मस्काडे, जर्मनीतल्या मोझेलची पांढरी रीसलिंग, फ्रान्समधलीच लाल बोजोले आणि स्पेनमधल्या रिओहाची लाल क्रियांझा.

आधी लेबलं वाचली. क्रियांझा म्हणवणारी लाल रिओहा किमान दोन वर्षं मुरलेली असते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रीसलिंगवर 'फाइनहेर्ब' होतं, म्हणजे किंचित गोडसर; 'ट्रोकन', म्हणजे कोरडी, असती तर साखर लिटरमागे फार तर ९ ग्रॅम. मस्काडे 'स्युर ली' होती. ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवतात, त्यानं पातळ वाइनला जरा भरदारपणा येतो.

नवऱ्यानं बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे टाकले. रंग दिसतोच, पण नाव आणि किंमत तरी डोक्यातून जाते. ग्लास सगळे एकसारखे, वाइन तळाशी थोडीच. लाल बाटल्याही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या, कारण उबदार वाइनचं अल्कोहोल नाकात चढतं आणि फळांचा वास दबतो. वास, आंबटपणा, तुरटपणा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते, एवढंच लिहायचं.

नुसती चाखताना क्रियांझा सहज पहिली आली: व्हॅनिला, पिकलेलं आलुबुखार, मऊ तुरटपणा. मग पिठलं, भाकरी आणि ठेचा वाढला, आणि निकाल उलटा झाला. मिरचीनं पोळलेल्या जिभेला वाइनमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि अल्कोहोलची धग दोन्ही जास्त जाणवतात. क्रियांझा कडवट लागायला लागली. आता ती मी मीठ-मिऱ्याच्या भाजलेल्या मटणासाठी ठेवते. रीसलिंगच्या गोडसरपणानं तिखट शमलं आणि तिच्या आंबटपणानं बेसनाचा जडपणा कापला. लाल वाइनमध्ये बोजोलेच जमली. ती गामे द्राक्षाची, आणि त्याला टॅनिन बेताचं. मस्काडे ठेच्यापुढे फिकी पडली, पण तळलेल्या माशाबरोबर तिच्यासारखी दुसरी नाही, लिंबू पिळायची गरज उरत नाही.

उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखल्या. आमच्याकडे एक बाटली दोन-तीन दिवस पुरते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या चवीलाही मी पहिल्या दिवसाइतकंच महत्त्व देते. बोजोलेचा ताज्या फळांचा वास उडाला होता. रीसलिंग मात्र अजून खणखणीत होती.