टेक्सासमधली सूट एच-1बीवाल्यांना का लागू होत नाही

टेक्सासमध्ये 2021 पासून परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं, हे खरं. पण एच-1बी (नोकरीच्या), एफ-1 (शिक्षणाच्या) किंवा टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांनी यावर हुरळून जाऊ नये. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हाच फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे. शिक्षा 15 वर्षांपर्यंत, शिवाय व्हिसाही जातो. राज्याने कितीही मोकळीक दिली तरी ही बंदी उठत नाही.

गंमत म्हणून शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही ‘बाळगणं’च. मोठ्या पळवाटा नाहीत, पण एक सरळ वाट आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. आई-बाबांना लास व्हेगासला रेंजवर न्यायचं असेल, तर आधी ते काढा.

ग्रीन कार्ड मिळालं की फेडरल अडथळा दूर होतो आणि राज्याचा सुरू होतो. न्यू जर्सीत रायफल किंवा शॉटगनसाठी ओळखपत्र लागतं. पिस्तुलासाठी मात्र दर वेळी वेगळं परमिट, तेही साधारण 90 दिवसांच्या मुदतीचं. अर्ज पोलिसांमार्फत, बोटांचे ठसे द्यायचे. एवढं झाल्यावर दुकानात 4473 नंबरचा फेडरल फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी आहेच. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या दुकानातून पिस्तूल थेट घरी आणता येत नाही. ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवावं लागतं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते प्रवासात. पेनसिल्व्हेनियाचा कॅरी (बंदूक घेऊन फिरण्याचा) परवाना डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरताच निरुपयोगी होतो. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तुलाला किमान साडेतीन वर्षं तुरुंगात काढावी लागू शकतात. 1986 चा फेडरल कायदा वाटेतल्या राज्यातून जाऊ देतो, पण निघताना आणि पोहोचताना दोन्हीकडे ती बंदूक कायदेशीर हवी, रिकामी हवी आणि डिकीत हवी. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. ग्लोव्ह बॉक्स चालत नाही.

हे संरक्षण किती पातळ आहे, ते 2005 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर दिसलं. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या प्रवाशाचं पुढचं विमान चुकलं. त्याने बंदूक असलेली बॅग ताब्यात घेतली, हॉटेलात रात्र काढली आणि सकाळी चेक-इन करताना नियमाप्रमाणे बंदूक जाहीर केली. लगेच अटक! पुढे आरोप मागे घेतले गेले, तरी त्याने लावलेला भरपाईचा दावा 2010 मध्ये अपील कोर्टाने फेटाळला, कारण हॉटेलात बंदूक त्याच्या हाताशी होती. कोर्टाने मार्गही सांगितला: असं अडकलात तर बॅग हातात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना गाठा.