आकडा सरकतच होता

क्वांटम यंत्र बनवणारे वेगळे. आमचं काम त्याच्या उत्तरांची झडती घेण्याचं. त्यात काय, साध्या कॉम्प्युटरवर तेच गणित करून ताळा बघायचा, असं लोकांना वाटतं. क्युबिट म्हणजे क्वांटम यंत्रातला बिट. 30 क्युबिटपर्यंत ते खरंही आहे, त्यांची पूर्ण अवस्था (सगळ्या शक्यतांचे आकडे) 16 जीबीत मावते. पण दर क्युबिटमागे मेमरी दुप्पट होते. 40 ला 16 टीबी, 50 ला 16 पेटाबाइट. खेळ खलास.

त्या दिवशीचं सर्किट, म्हणजे क्युबिटांवर एकामागून एक करायच्या क्रियांची (गेटांची) मालिका, 50 क्युबिटांच्या वरचं. आयन-ट्रॅप यंत्र (त्यात अडकवून ठेवलेले आयन हेच क्युबिट), जाळीत मांडलेल्या छोट्या चुंबकांचं सिम्युलेशन, उत्तर एकच आकडा. मोठ्या संख्येचे अवयव पाडले असते तर गुणाकार करून मोकळे झालो असतो. इथे तशी सोय नाही.

लहान जाळीवर उत्तरं जुळली. मग सर्किट पुढे चालवून तसंच उलटं मागे आणलं. सुरुवातीचे सगळे शून्य परत यायला हवेत, बऱ्यापैकी आले. ह्या चाचणीवर माझा फारसा भरवसा नाही. गेट दर वेळी जरासं जास्त फिरत असेल, तर उलट येताना ती चूक स्वतःच स्वतःला पुसते. म्हणून मधे यादृच्छिक पाउली गेट (क्युबिट 180 अंशांत फिरवणारी साधी गेटं) घुसवतात, तेही केलं. शेवटी गेटांचे सगळे कोन 90 अंशांच्या पटीत बदलले. असं क्लिफर्ड सर्किट लॅपटॉपसुद्धा सोडवतो. तेही पास.

माझं घोडं अडलं ते इथेच. ह्या यंत्रात दोन क्युबिटांच्या गेटचा कोन बदलला की लेसरचा पल्सच बदलतो. 90 अंशांचा पल्स नीट बसलाय म्हणून लहान कोनाचाही बसला असेल, हे कुणी सांगितलं? विक्रीवाल्यांना काय, स्लाइडवर बरोबरच्या तीन हिरव्या खुणा पुरतात.

म्हणून खऱ्या सर्किटवर टेन्सर नेटवर्कने (मोठी अवस्था छोट्या तुकड्यांत दाबून बसवायची पद्धत) अंदाजे उत्तर काढलं. ते यंत्राशी जुळेना. बाँड डायमेन्शन, म्हणजे त्या पद्धतीची अचूकता ठरवणारं माप, दुप्पट केलं, आमचा आकडा यंत्राच्या आकड्याकडे सरकला. पुन्हा दुप्पट, पुन्हा सरकला. त्यापुढे 80 जीबीचं ग्राफिक्स कार्ड भरलं आणि जॉब मेला. म्हणजे तोवर चुकत आम्हीच होतो? की आकडा यंत्राला ओलांडून पुढेच गेला असता?

साहेबांना एक्सेलच्या रकान्यात ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हवं होतं. मी त्यांना गूगलचं 2019 चं उदाहरण दिलं: 53 क्युबिटांच्या सर्वांत अवघड सर्किटांची सुमारे 0.2 टक्के फिडेलिटी (यंत्राचं उत्तर आदर्श उत्तराशी किती जुळतं त्याचं माप) थेट तपासता आली नव्हती, सोप्या केलेल्या सर्किटांवरून अंदाज बांधला होता. त्यांनी आयबीएमचं 2023 चं तोंडावर मारलं. त्या 127 क्युबिटांच्या प्रयोगाचे आकडे काही आठवड्यांतच साध्या कॉम्प्युटरवर निघाले होते. “मग तुम्हालाच का जमत नाही?” प्रश्न रास्त होता. फक्त आयबीएमच्या क्युबिटांची जाळी विरळ होती, म्हणून गणित सोपं. आमची दाट.

रकान्यात मी ‘तीन चाचण्या पास, मूळ सर्किट अनिर्णित’ असं लिहिलं. क्लायंटकडे गेलेल्या प्रतीत स्वल्पविरामाच्या पुढचा भाग नव्हता.

चार कार्डं जोडून तोच जॉब चालवायची परवानगी मागितली आहे. प्रोजेक्ट बंद झालाय, आता कोणत्या खात्यावर खर्च टाकायचा, असं उत्तर आलंय.