जुने ब्रेक पॅड फेकण्याआधी उलटून बघा

रोज रत्नागिरी-लांजा करणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड झिजून संपतात. शिमगा ते गणपती खळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे मात्र गंजामुळे अडकून संपतात. खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि भेगाभेगांत शिरणारी तांबडी माती. अशा गाडीला नुसते नवे पॅड घातले, तर थोड्याच दिवसांत तेच चाक पुन्हा तापतं.

आधी अडणारं चाक शोधा, म्हणजे पेडल सोडल्यावरही ज्याचा ब्रेक पूर्ण सुटत नाही ते. सपाट रस्त्यावर ब्रेक शक्य तितका टाळून आठ-दहा किलोमीटर चालवा आणि शेवटी गाडी आपसूक मंदावू द्या. आंबा घाट उतरून साखरप्याला थांबून तपासण्यात अर्थ नाही, तिथे सगळीच चाकं तापलेली असतात. डिस्कला बोट न लावता रिमजवळ तळवा धरून धग बघा. पुढच्या डाव्याची तुलना पुढच्या उजव्याशीच करायची. एक गार आणि एक भाजणारं असेल, तर भाजणारं अडतंय. दोन्हींत थोडाच फरक असेल, तर गार चाकाकडेही संशयाने बघा: तिकडचा ब्रेक लागतच नसेल, तर सगळा भार दुसऱ्यावर पडतो. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका.

आता बाकीच्या चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि चाक हाताने फिरवा. डिस्क ब्रेकमध्ये हलकी घासण चालते. हाताला जोर लावावा लागत असेल, तर पेडल दोनदा दाबून सोडा आणि कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक फ्लुइड बाहेर काढायची छोटी तोटी, पाव फेरा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं, तर फ्लुइडच्या लाइनमध्ये प्रेशर अडकलंय. तरीही जाम राहिलं, तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या), पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) किंवा पॅड अडकलेत. प्रेशर असेल तर निपल घट्ट करून पेडल पुन्हा दाबा आणि या वेळी होजच्या (कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी) वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपचा जोड सैल करा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोराने फ्लुइड दाबणाऱ्या भागाकडे. नाही सुटलं तर होज खराब. होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर फुगतं. शिवाय त्याला धरणारी पट्टी गंजून फुगली की ती होज आवळते. पायाच्या जोराने फ्लुइड खाली जातं, परत यायला मात्र वाट नसते. तपासून झालं की लाइनमध्ये शिरलेली एअर काढायची. सांडलेला फ्लुइड लगेच पाण्याने धुवा, तो रंग खातो.

आता ते जुने पॅड. नेहमीच्या एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त झिजला असेल, तर पिस्टन मागे येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल, तर तो ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणारी लोखंडी चौकट) अडकलाय किंवा कॅलिपर परत येत नाही. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर बहुधा दोनपैकी एकच पिन जाम आहे.

पिन ओढून बघा. चांगली पिन दोन बोटांनी सरकते. बूट (पिनेवरचं रबरी आवरण) फाटला असेल तर पिनेबरोबर तपकिरी पाणी आणि गंजाचा भुगा बाहेर येतो. भोक साफ करा, खड्डे पडलेली पिन बदला, बूट नवा घाला. ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनचं. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं आणि मग पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. तेही पातळ थर पुरे. भोक ठासून भरलं तर पिन आत जाऊन पुन्हा बाहेर ढकलली जाते. एका पिनेला रबरी बुश असेल, तर दोन्हींची अदलाबदल करू नका.

आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जातं ते ब्रॅकेटचं काम. पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपवर बसतात, तिच्याखाली गंजाचे पापुद्रे चढतात, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड आवळला जातो. क्लिप काढा, कानशीने आणि तारेच्या ब्रशने लोखंड उघडं करा. पॅड हाताने आत-बाहेर व्हायला हवा. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड अडणारच.

पिस्टनची गंमत वेगळी. पॅड झिजतात तसा तो बाहेर येतो आणि त्याच्यावरचा रबरी बूट फाटला असेल तर उघडा भाग गंजतो. नव्या जाड पॅडसाठी तो आत ढकलला की गंजाचे तेच खड्डे सीलखाली (पिस्टनभोवतीचं रबरी कडं) जातात. ‘पॅड बदलल्यापासून चाक तापतंय’ ही तक्रार कित्येकदा इथून येते. ढकलण्याआधी बूट उचलून बघा, निपल उघडून सी क्लॅम्पने हळू दाबा. अडखळला तर नवीन पिस्टन आणि सील किट, नाहीतर अख्खा कॅलिपर. पॉलिश पेपरने खड्डे भरून येत नाहीत.

आता फ्लुइड. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर किमान १५५. इथल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलाच, तीच ओल कॅलिपरला आतून गंजवते.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर लिव्हरखालचं हँडब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट सैल करा. चाक सुटलं तर केबल आवरणात गंजलीय किंवा जास्त ताणलीय. गाडी पावसाळाभर उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नका. ओलीने शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) ड्रमला चिकटतात आणि गणपतीत पहिला गिअर टाकल्यावर शूवरचं घासणारं लायनरच सुटून येतं. सपाट खळ्यात पहिला गिअर आणि पुढेमागे दोन जांभ्याचे दगड पुरतात.