मी कर ‘इव्हेड’ केला, असं मीच लिहून देणार होतो

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. तिथे इंग्रजी पत्रं लिहिण्याचा मान माझा. माल कमी आल्याची तक्रार असो की उशिराचा खुलासा, ‘ते तुम्ही लिहा, तुमचं इंग्रजी चांगलं’ असं साहेब लोकसुद्धा म्हणायचे. त्यामुळे आयकर खात्याची प्रश्नावली आली तेव्हा उत्तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं हे माझ्या मनातही आलं नाही. रिटर्न भरायचे पैसे सीएंना दिलेच होते, आता चार ओळींसाठी परत कशाला त्यांचं मीटर पाडायचं?

प्रकरण तसं सरळ होतं. पाथर्डी फाट्याजवळ १९९६ मध्ये घेतलेला प्लॉट मी नोव्हेंबर २०२१ मध्ये ४६ लाखांना विकला. इंदिरानगरचं रो-हाउस होतंच. प्लॉटचे पैसे आणि वर थोडी पुंजी घालून मखमलाबाद रोडला मुलीच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट घेतला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५४एफ होतं. प्लॉटसारखी मालमत्ता विकून आलेली सगळी रक्कम दोन वर्षांच्या आत राहतं घर विकत घेण्यात घातली, आणि विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नसली, तर त्या नफ्यावर कर लागायचा नाही. मी तेच केलं होतं. रिटर्नमध्ये दाखवलंही होतं. पण ३० लाखांच्या आणि त्यावरच्या खरेदी-विक्रीची माहिती दुय्यम निबंधकांकडून आयकर खात्याला परस्पर जायची. एवढी रक्कम आणि कर शून्य, हे कोणाच्या तरी डोळ्यांत भरलं असणार. जून २०२३ मध्ये रिटर्न छाननीला घेतल्याची कलम १४३(२) ची नोटीस आली आणि दिवाळीच्या आधी १४२(१) ची प्रश्नावली. उत्तराला मुदत पंधरा दिवस.

शेजारचे एकजण म्हणाले, ‘बघू नका तिकडे, आपोआप थंड होतं.’ असे सल्लागार प्रत्येक गल्लीत असतात. अशा नोटिशीकडे कानाडोळा केला तर दर वेळी दहा हजारांचा दंड, आणि शिवाय अधिकारी हातातल्या माहितीवर स्वतःच्या अंदाजाने कर ठरवून मोकळा होतो.

मी रात्री जेवणं झाल्यावर बसलो आणि झोकात एक पान लिहिलं. त्यातलं मधलं वाक्य मला विशेष आवडलं होतं. मराठीत त्याचा अर्थ असा, की भांडवली नफ्यावरचा कर टाळण्यासाठी मी सदर फ्लॅट खरेदी केला. ‘टाळण्यासाठी’ला मी ‘टू इव्हेड’ लिहिलं. ‘अव्हॉइड’ फार शाळकरी वाटला. आमच्या शाळेतल्या शब्दार्थांच्या वहीत दोन्हींपुढे एकच शब्द होता: टाळणे. मग वजनदार तो घ्यावा, असा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्याची, प्रत हवी होती म्हणून सीएंच्या ऑफिसात गेलो. साहेब बाहेर होते. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी एक मुलगी फाइल काढून देत होती. तिला म्हटलं, ‘बाळा, सहज नजर टाक यावर.’ कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. ती अर्ध्या पानापर्यंत आली आणि थांबली.

‘काका, हे अपलोड केलंत का?’

‘नाही अजून.’

‘देवच पावला. तुम्ही इथे करचुकवेगिरी केली असं स्वतःच लिहून दिलंय.’

माझा चेहरा पाहून तिने पाणी आणून दिलं. मग कायद्याचं जाड पुस्तक उघडून कलम २७६सी दाखवलं. ते कलमच जाणूनबुजून कर ‘इव्हेड’ करण्याच्या प्रयत्नाबद्दल होतं. रक्कम २५ लाखांच्या वर असेल तर शिक्षा तेव्हा सात वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. माझी रक्कम त्याच्या आसपासही नव्हती, आणि एका शब्दासाठी कोणी मला आत टाकलं नसतं, हे आता कळतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर ते कळत नव्हतं. एकतीस वर्षांत मी किती पत्रांत हा शब्द ‘वजनदार’ म्हणून घातला असेल, तेच आठवत बसलो.

गंमत म्हणजे मराठीत मी ही चूक कधीच केली नसती. पेपरात ‘करचुकवेगिरी’ वाचलं की कोणीतरी लपवाछपवी केली हे आपल्याला लगेच समजतं. ‘चुकवणे’त डोळा चुकवणं आहे. घेणेकरी दारात आल्यावर मागच्या दाराने निघून जाणं आहे. ‘टाळणे’ त्यामानाने गरीब. तेलकट टाळावं, रात्रीचा प्रवास टाळावा, त्यात गुन्हा कसला? इव्हेड म्हणजे चुकवणे आणि अव्हॉइड म्हणजे टाळणे, एवढंच वहीत लिहिलेलं असतं तर माझा घाम वाचला असता.

‘मग अव्हॉइड घालू?’ मी विचारलं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पान वाचलं, हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, ‘अव्हॉइडही नको.’ १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की कायद्याच्या चौकटीतलं करनियोजन चालेल, पण कर वाचवायला रचलेला देखावा त्यात बसत नाही. ‘अव्हॉइडन्स’ या शब्दाकडे लोक तेव्हापासूनच जरा तिरक्या नजरेने पाहू लागले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून कर टाळण्याच्या बनावट व्यवस्थांविरुद्ध जे सर्वसाधारण नियम लागू झाले, त्यांच्या नावातच ‘अँटी-अव्हॉइडन्स’ आहे. म्हणजे इव्हेड हा गुन्हा, आणि अव्हॉइड गुन्हा नसला तरी संशयित. ‘तुम्ही दोन्ही केलेलं नाही,’ साहेब म्हणाले. ‘कायद्याने दिलेली सवलत घेतलीत. तर तसंच लिहा. क्लेम्ड एक्झेम्प्शन. संपलं.’

मी घरी येऊन पान पुन्हा लिहिलं. मूळ पानाच्या निम्मं झालं.

उत्तर गेलं. विक्रीचं खरेदीखत, फ्लॅटचा करारनामा, दोन्हींचे इंडेक्स टू, बँकेचे उतारे, घरपट्टीची पावती, सगळं स्कॅन करून पोर्टलवर चढवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त एकेका फाइलचा आकार कमी करण्यात दीड दिवस गेला.

पण डोक्यातला शब्द जाईना. मग मी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायला लागलो. सावाना १८४० पासूनचं, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचं तिथे येणं-जाणं, पण मी तिथे कोश उघडायला प्रथमच गेलो. पुढ्यात जाडजूड इंग्रजी कोश, शेजारी वही. बायको म्हणाली, ‘दहावीचा फॉर्म भरलाय का?’

‘अव्हॉइड’च्या पोटात ‘व्हॉइड’ आहे, म्हणजे रिकामा, हे मला त्या वयात तिथे कळलं. जागा रिकामी करून बाजूला होणं, अशी त्याची जुनी चाल. वकिली इंग्रजीत तो अर्थ अजून जिवंत आहे. तिथे करार ‘अव्हॉइड’ केला म्हणजे टाळला नव्हे, तर रद्द ठरवला. १८७२ च्या करार कायद्यातला ‘व्हॉइडेबल’ त्याच घरचा. इव्हेड लॅटिनमधून आला, अर्थ निघून जाणं, निसटणं. ‘इन्व्हेड’, म्हणजे घुसणं, हा त्याचा सख्खा भाऊ. एक आत येतो, एक बाहेर पळतो.

सगळ्यात जीव जडला तो ‘इल्यूड’वर. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं खेळणं आहे. समोरच्याला खेळवत निसटणं. हे वाचलं तेव्हा पंचवटीच आठवली. मारीच सोन्याचं हरीण होऊन दिसतो काय, झाडीत नाहीसा होतो काय, पुन्हा दूर उभा दिसतो. रामाला त्याने लांबवर नेलं ते असंच. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, हुलकावणी. नाशिकच्या पेपरात हा शब्द आठवड्यातून एकदा तरी येतो. बिबट्याची पिंजऱ्याला हुलकावणी, नाहीतर पावसाची जिल्ह्याला हुलकावणी. इव्हेड करायला माणूस लागतो आणि त्याच्या मनात खोट लागते. इल्यूड पाऊसही करतो, झोपही करते, आठवू पाहिलेलं नावही करतं. शिवाय इव्हेड करणारा कधी सापडतो. इल्यूड केलं म्हणजे त्या वेळेपुरता तरी तो निसटलाच. चोर पोलिसांच्या हातावर तुरी देतो तेव्हा हाच शब्द.

‘एस्च्यू’ हा मला वाटायचा तसा भारदस्त अव्हॉइड नाही. तो तत्त्वाने, ठरवून दूर राहतो. चातुर्मासात आई कांदा-लसूण वर्ज्य करायची, ते एस्च्यू. लासलगावच्या जिल्ह्यात राहून चार महिने कांद्याला हात न लावणं ही तपश्चर्याच म्हणायची! तिथे अव्हॉइड म्हटलं तर आईला पित्ताचा त्रास होता असं वाटेल. ‘शन’ मात्र जास्त करून माणसांच्या वाट्याला येतो. पाठ फिरवणं, सावली नको म्हणणं, वाळीत टाकणं. २ मार्च १९३० ला ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या माणसाला या शब्दासाठी कोश उघडावा लागू नये. मी त्या पानावर जरा जास्त वेळ थांबलो, मग वही मिटून घरी आलो.

‘शर्क’ कारखान्यातला. काम अंगावर आलं की ज्याची पाठ धरते तो. अंगचोर, कामचुकार. यात पुन्हा ‘चुकार’ आहेच, मराठीने हे सगळे चुकवे एका खोलीत बसवलेत. एक आठवण बोचते. आमच्या स्टोअर्समधला एक हेल्पर चेंबरमधलं रसायन उचलायला नाही म्हणाला. त्याला हातमोजे मिळाले नव्हते. वरून सांगितलं म्हणून मेमो मी लिहिला, आणि त्यात ‘शर्किंग’ घातलं. तो काम चोरत नव्हता, नकार देत होता, आणि तोही तोंडावर. ‘रिफ्यूज्ड’ लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न ‘का?’ असा आला असता. शर्किंगपुढे कोणी ‘का’ विचारत नाही. त्याची तीन दिवसांची रजा बिनपगारी झाली. तेव्हा मला माझ्या इंग्रजीचा अभिमान वाटला होता.

जानेवारीत पुन्हा एक प्रश्न आला. करारनाम्याची तारीख आणि ताब्याची तारीख यांत सात महिन्यांचं अंतर का? मी बिल्डरच्या अडचणी, लिफ्टचं काम, पावसाळा, असं दोन पानं लिहिलं. आता शब्द जपून वापरले होते. ती आर्टिकलवाली मुलगी वाचून म्हणाली, ‘काका, शब्द सगळे बरोबर आहेत, पण उत्तर इव्हेसिव्ह आहे.’

म्हणजे उडवाउडवीचं. मी चिडलो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मग तिनेच विचारलं, ‘ताबा कधी मिळाला?’ मी तारीख सांगितली. ‘ती कितव्या ओळीत आहे?’ ती दुसऱ्या पानाच्या शेवटी होती. विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगितलं होतं. धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ही खोटं कुठे होतं? इंग्रजीत त्याला ‘इक्विव्होकेट’ म्हणतात. दोन्हीकडे लागेल असं बोलायचं आणि ऐकणाऱ्याला आपल्या सोयीची बाजू धरू द्यायची. ‘प्रिव्हॅरिकेट’ त्याच्या शेजारचा, मुळात वाकडंतिकडं चालणं. मी द्रोणाचार्यांना मारायला निघालो नव्हतो, नुसती भीती वाटत होती. पण कागदावर भीती आणि लबाडी सारखीच दिसते. शेवटी उत्तर तीन ओळींचं गेलं: ताब्याची तारीख, दोन वर्षांच्या मुदतीत आहे, ताबापत्र सोबत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला. दाखवलेलं उत्पन्न जसंच्या तसं मान्य. मी सीएंच्या ऑफिसात पेढे घेऊन गेलो. साहेब म्हणाले, ‘आता आमची इंग्रजी पत्रं तुम्हीच तपासा.’ चेष्टा होती की खरं, कळलं नाही. त्या मुलीने मात्र लगेच दोन मसुदे पुढे सरकवले. त्यातल्या एकात ‘सरकमव्हेंट’ होता. नियमाला वळसा घालून पळवाट काढणं. द्वारका चौकातली वाहनांची कोंडी नको म्हणून आपण गल्लीबोळातून जातो, ते रस्त्याच्या बाबतीत चालतं, कायद्याच्या बाबतीत त्याचा वास येतो. काढायला लावला.

परवा कपाटातली फाइल आवरताना तो पहिला मसुदा सापडेना. ‘टू इव्हेड’वाला. सगळीकडे शोधलं. शेवटी फ्रिजवर मॅग्नेटखाली दिसला. पाठकोऱ्या बाजूला बायकोने दुधाचा हिशेब मांडला होता, आणि कागद उलटा झाल्यामुळे माझा कबुलीजबाब येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येत होता. किती दिवस तसा होता कोण जाणे. मी म्हटलं, ‘अगं, फाड तो आधी.’

ती म्हणाली, ‘फाडू नका हो. दूधवाल्याचे अकरा दिवस खाडे आहेत त्यात. ते उतरवून घ्या, मग काय ते करा.’